घरगुती ध्वनियंत्रांतील मेळ

पुण्यासारख्या शहरांत, सदाशिव किंवा शनिवार पेठेंतील जुन्या घरांतून कोथरूड-सहकारनगराकडे राहावयास गेलेल्या कुटुंबांत, संगीत ऐकण्याचीं साधनें बहुधा एकाच पिढीचीं नसतात. आजोबांनीं घेतलेल्या तबकड्या असतात. त्यांत मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या नाट्यगीतांच्या तबकड्या असतात आणि नंतरच्या लांब पल्ल्याच्याहि असतात. वडिलांनीं जमविलेल्या कॅसेटी असतात, त्यामागून आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्क असतात, आणि नातवाच्या खिशांतल्या फोनला तर कोणतेंच गाणें परकें नसतें. हीं सर्व साधनें शेवटीं एकाच ॲम्प्लिफायरला जोडलेलीं असतात. मग असें होतें कीं, तबकडी ऐकतांना आवाजाचें बटण बरेंच पुढें न्यावें लागतें, कॅसेटीला त्याहून थोडें कमी. आणि बटण तेथेंच असतांना कोणी कॉम्पॅक्ट डिस्क लावली तर पहिल्याच तानेला घरांतील मंडळी दचकून उठतात. फोन कधीं गरजतो, कधीं पुटपुटतो. या अनुभवावरून घरोघर निकालहि दिले जातात: जुन्या तबकड्यांत आतां दम राहिला नाहीं, कॅसेटी उतरल्या, नवा प्लेअर मोठा ताकदीचा आहे, ॲम्प्लिफायर मात्र आतां म्हातारा झाला. यांपैकीं बहुतेक निकाल चुकीचे असतात, आणि ते चुकीचे असले तरी त्यांची अंमलबजावणी मात्र खरी होते. तबकड्या रद्दीवाल्याकडे जातात, कॅसेटींचें खोकें जुन्या बाजारांत पोंचतें, आणि चांगला ॲम्प्लिफायर मोडींत निघतो. वस्तुतः दोष यांपैकीं कोणाचाच नसून, देणाऱ्या यंत्राचें माप आणि घेणाऱ्या यंत्राचें माप यांत मेळ नाहीं, एवढाच असतो.

हीं दोन मापें प्रथम समजून घेणें अवश्य आहे. यंत्रांतून जातांना ध्वनि विजेच्या रूपांत असतो आणि त्या विजेचा दाब व्होल्टांत मोजतात. गाणाऱ्यानें आवाज मोठा केला कीं दाब वाढतो, लहान केला कीं उतरतो. प्रत्येक साधन आपल्या ठरीव मापाचा दाब बाहेर देतें; हें झालें देणाऱ्याचें माप. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागें ज्या खोबण्यांत या तारा खोंवतात, त्या प्रत्येक खोबणीची एक संवेदनक्षमता असते. आवाजाचें बटण शेवटपर्यंत फिरविलें असतां, यंत्रानें आपली पूर्ण शक्ति स्पीकरला द्यावी म्हणून त्या खोबणींत जितका दाब लागतो, त्या आंकड्यास हें नांव आहे. येथें एक गोष्ट नवख्यास उलटी वाटते. हा आंकडा जितका लहान, तितकें यंत्र तिखट कानाचें. २०० मिलिव्होल्ट संवेदनक्षमता असलेल्या यंत्राला थोडक्यांत सारें ऐकूं येतें. एक व्होल्टाच्या यंत्राजवळ जाऊन जरा मोठ्यानें बोलावें लागतें. यावरून यंत्र चांगलें कीं वाईट हें मुळींच ठरत नाहीं. परंतु माहितीपत्रकांत हा आंकडा कोठेंतरी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो, आणि खरेदी करणारे गृहस्थ पहिल्या पानावरचे वॉट पाहूनच पत्रक मिटतात.

देणाऱ्यांत सर्वांत अधिक गैरसमज ज्याच्याविषयीं आहे, तें तबकडीचें यंत्र. जुन्या वाल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागें ग्रामोफोनसाठीं दोन भोकें असत, आणि तेथें पिकअपची तार खोंवली कीं रेडिओच्या स्पीकरांतून तबकडी स्वच्छ वाजे. ज्यांच्या बालपणीं घरांत ही सोय होती, त्यांची अशी पक्की समजूत असते कीं, तबकडी कोणत्याहि यंत्राला लावली म्हणजे झालें. ती समजूत त्या काळापुरती बरोबर होती, कारण त्या पिकअपमध्यें स्फटिक असे. रोशेल क्षार नांवाच्या स्फटिकावर सुईचा ताण पडला म्हणजे तो स्वतःच वीज निर्माण करतो, आणि ती थोडीथोडकी नव्हे, तर कांहीं शें मिलिव्होल्टांपासून व्होल्टापर्यंत. अर्थात् रेडिओला एवढें पुरेसें होतें. या स्फटिकाला आपल्याकडील दमट हवा आणि उन्हाळा मात्र मानवत नसे. म्हणून पुढें त्याच्या जागीं सिरॅमिकचे तुकडे आले, आणि १९७० नंतरच्या दशकांत घरोघर दिसणाऱ्या 'फिएस्टा'सारख्या उचलून नेण्याच्या रेकॉर्ड-प्लेअरचें काम त्यांच्यावरच चाले. आज जे शौकीन नवें तबकडीचें यंत्र घेतात, त्यांच्या हातीं चुंबकीय पिकअप येतें. तें सुईचा भार हलका ठेवतें, तबकडी कमी झिजवितें आणि बारकावे अधिक दाखवितें. परंतु त्यांतून निघणारा दाब अवघा ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो. त्यांतहि ज्या जातींत चुंबकाऐवजीं बारीक वेटोळें हलतें, तिचा दाब बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टाहूनहि कमी. म्हणजे जुन्या स्फटिकाच्या तुलनेनें हें पिकअप शेंकडों पट हळू बोलतें. तें साध्या खोबणींत खोंवलें तर दूरच्या गल्लींतून आल्यासारखें गाणें ऐकूं येतें. आणि मग घरांत म्हणतात कीं, नवें यंत्र फसलें.

चुंबकीय पिकअपची खोबण वेगळी असते. तिच्यावर 'फोनो' असें लिहिलेलें असतें. तिची संवेदनक्षमता साधारणतः अडीच मिलिव्होल्ट असते, शिवाय ती आणखी एक काम करते. तबकडी कापतांना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि टिपेचे वाढविलेले असतात. नाहीं तर खर्जाच्या रुंद आंदोलनांनीं शेजारच्या खांचा फुटल्या असत्या. फोनोची खोबण तेंच उलट करून समतोल परत आणते. १९५४ पासून ज्या एका ठरीव प्रमाणानें हें होतें, त्यांत २० कंपनांच्या खोल सुराला मधल्या सुराच्या मानानें सुमारें दहा पट दाब मिळतो, आणि २०,००० कंपनांच्या सुराचा तितकाच घटतो. आतां दोन व्होल्ट देणारा कॉम्पॅक्ट डिस्कचा प्लेअर कोणी चुकून या खोबणींत खोंवला, तर काय होईल याची कल्पना करावी. आठशें पट अधिक दाब आणि वर खर्जाची भर! तबल्याच्या डग्ग्याचा घुमार सोडून दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं, आणि तेंहि फाटलेलें.

तबकडी सोडली तर इतर साधनांचीं मापें एकमेकांच्या जवळ असावींत अशी अपेक्षा. तशी ठरीव मापें आहेतहि. १९३९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळा आणि तेथील दोन मोठ्या रेडिओ-कंपन्यांनीं मिळून सुईचें एक मापक तयार केलें. त्या वेळच्या टेलिफोनच्या ६०० ओहमांच्या तारांत एक मिलिवॉट शक्ति म्हणजे ०.७७५ व्होल्ट, हा त्याचा पाया. त्यापासून पुढें ध्वनिमुद्रणगृहांचें माप सुमारें सव्वा व्होल्ट ठरलें आणि घरगुती यंत्रांचें सुमारें एकतृतीयांश व्होल्ट. मुंबईचें रेडिओकेंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, पुण्याचें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं. अशा केंद्रांतून कीर्तनकार, शेतकी-तज्ज्ञ, वाद्यवृंद आणि बातम्या हीं एकामागून एक येत असतांना घरीं बसलेल्या श्रोत्याला बटणाला हात लावावा लागत नाहीं, याचें कारण नियंत्रणकक्षांत एक मनुष्य त्या मापकाकडे डोळे लावून बसलेला असतो. घरांत तसा मनुष्य नसतो. आणि १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली ती घरगुती मापाची मर्यादा ओलांडूनच. तिच्या प्लेअरचा अत्युच्च दाब दोन व्होल्ट ठेवण्यांत आला. जुन्या ॲम्प्लिफायरांच्या खोबण्या मात्र कॅसेट आणि रेडिओ यांच्या मानानें दीडशें-दोनशें मिलिव्होल्टांच्याच राहिल्या. आजच्या घरांतील बहुतेक गोंधळ या एका ठिकाणीं उगम पावतो.

थोडा हिशेब केला म्हणजे हें स्पष्ट होईल. ५० वॉटांचा एक ॲम्प्लिफायर आहे असें धरावें. ८ ओहमांच्या स्पीकरला ५० वॉट शक्ति देण्यास २० व्होल्ट लागतात. त्याच्या खोबणीची संवेदनक्षमता २०० मिलिव्होल्ट असेल, तर तें यंत्र येणारा दाब शंभर पट वाढवितें. कॅसेटच्या यंत्राचा अर्धा व्होल्ट शंभर पट झाला तर ५० व्होल्ट होतात. डिस्कचे दोन व्होल्ट २०० होतील. परंतु यंत्राच्या पोटांत वीस व्होल्टांहून अधिक देण्याची सोयच नाहीं. तेव्हां वरच्यावर जें कांहीं येतें, तें मधल्या बटणानें अडवावें लागतें. कॅसेटचें अर्ध्याहून थोडें अधिक, डिस्कचें दहांतले नऊ हिस्से. येथें सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच कीं, ज्याला आवाज वाढविण्याचें बटण म्हणतात, तें वस्तुतः वाढवीत कांहींच नाहीं. वाढविणारें यंत्र नेहमीं सारख्याच पटीनें वाढवितें. बटण हें धरणाच्या दारासारखें आहे. तें किती उघडलें यावरून मागें पाणी किती होतें तें कळत नाहीं.

म्हणून अर्धें फिरविलेलें बटण म्हणजे अर्धी शक्ति, हा समज फार महाग पडतो. कानाच्या सोयीसाठीं हीं बटणें अशीं बनवितात कीं, मध्यावर आलें असतां तीं सुमारें एकदशांश दाब पुढें सोडतात. वरच्या हिशेबांतील डिस्कला नेमकें तेवढेंच पाहिजे होतें! म्हणजे बटण मध्यावर असतांनाच यंत्र पूर्ण शक्तीच्या उंबरठ्यावर पोंचलेलें असतें, आणि पुढचा अर्धा फेरा हा केवळ आवाज फाडण्याचा फेरा असतो. घरांत मुंज किंवा बारसें असावें, मंडळी जमावींत, आणि कोणी उत्साही तरुणानें 'अजून अर्धें बाकी आहे' म्हणून बटण पुढें सारावें, हा प्रकार नवा नाहीं. लहरींचे माथे अशा वेळीं सपाट कापले जातात. सपाट लहरींत गोल लहरीहून अधिक शक्ति असते, आणि त्या कापण्यांतून जे तीव्र सूर नव्यानें जन्मतात, ते टिपेच्या छोट्या स्पीकरच्या केसासारख्या तारेवर जाऊन पडतात. दुसऱ्या दिवशीं झांज ऐकूं येत नाहीं. दुरुस्त करणारा कारागीर स्पीकर कमी वॉटांचा होता असें सांगतो, घरचे लोक अधिक वॉटांचा आणतात, आणि पुढच्या समारंभाला तोहि जातो.

याच्या उलट टोकाला जें नुकसान होतें तें आवाज करीत नाहीं, म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. भिंतीला भिंत लागलेल्या सदनिकांत रात्रीं दहानंतर गाणें ऐकावयाचें तर हळूच ऐकलें पाहिजे. डिस्कचा दाब मोठा असल्यामुळें बटण तेव्हां जेमतेम आरंभापासून केंसभर पुढें न्यावें लागतें. या बटणाच्या आंत दोन पट्ट्या असतात, एक डाव्या बाजूची व एक उजव्या बाजूची. त्या वरच्या भागांत बऱ्याच सारख्या चालतात, परंतु अगदीं आरंभाच्या भागांत त्यांत बरेंच अंतर पडतें. त्यामुळें दोन बाजूंस बसलेले दोन तंबोरे एका बाजूला सरकून बसतात आणि गाणारा मध्यभागीं न राहतां खिडकीकडे जातो. शिवाय नखभर हालचालीनें आवाज एकदम चढतो किंवा नाहींसा होतो. १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ ज्या शहरांत महोत्सव भरत आला, तेथील श्रोत्यांना हें सांगावयास नको कीं, विलंबित ख्यालाचा आरंभ हा हलक्या स्वरांचा असतो आणि त्यांतच रागाची मांडणी असते. जें यंत्र हळू बोलतांना अडखळतें, त्यावर तो ऐकणें म्हणजे पुस्तकाचें पहिलें प्रकरण फाडून वाचण्यासारखें आहे.

उपाय महाग नाहीं, आणि तो पुणेकरांना एका जुन्या उदाहरणानें समजावितां येईल. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी शहरांतील हौदांपर्यंत बंद मार्गानें आणलें गेलें. तलाव उंचावर, शहर उतारावर. म्हणून त्या मार्गावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधले होते, आणि पाण्याचा फाजील जोर व कोंडलेली हवा त्यांतून मोकळी होई. हौदाजवळ पाणी भरणाऱ्यास तलावाच्या उंचीशीं झुंजावें लागत नसे. विजेच्या दाबासाठीं असा उच्छ्वास दोन छोट्या रोधांचा करतां येतो. प्लेअरकडून येणाऱ्या तारेंत १० हजार ओहमांचा रोध ओळीनें घालावा, आणि त्यापुढें, ॲम्प्लिफायरच्या खोबणीजवळ, तारेचा गाभा व तिचें आवरण यांमध्यें १ हजार ओहमांचा दुसरा. दाब अकरावा हिस्सा होतो, म्हणजे दोन व्होल्टांचे १८० मिलिव्होल्ट. दुसरा रोध ४,७०० ओहमांचा घेतला तर सुमारें एकतृतीयांश उरतो. बहुतेक घरांना एवढीच घट पुरेशी असते, आणि आरंभ इथूनच करावा हें बरें. डावीकडे एक जोडी, उजवीकडे एक. बुधवार पेठेंत, तपकीर गल्लीच्या आसपास, हे रोध कोणत्याहि सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात, आणि त्यांची किंमत तेथवर जाण्याच्या रिक्षापेक्षां कमी असते. ज्यास डाग देतां येत नाहीं त्यानें तयार जोड घ्यावा. मात्र त्याआधीं प्लेअरच्या पाठीमागें किंवा ॲम्प्लिफायरच्या सूचींत असा कमीअधिक करण्याचा पर्याय आहे काय तें पाहावें. कित्येक यंत्रांत तो असतो आणि वर्षानुवर्षें कोणी त्याला हात लावलेला नसतो.

एक पथ्य पाळलें पाहिजे. देणाऱ्या यंत्राचा अंतर्गत रोध जेवढा असेल, त्याच्या निदान दहा पट रोध घेणाऱ्याचा असावा, नाहीं तर दाब वाटेंतच खचतो. आजच्या प्लेअरला वर सांगितलेल्या जोडीचे अकरा ते पंधरा हजार ओहम जड जात नाहींत. पण जुन्या स्फटिकी पिकअपला लाखों ओहमांची संवय असते; त्याच्यापुढें ही जोडी घातली तर खर्ज नाहींसा होऊन गाणें चिरकें होईल.

दाब कमी पडण्याचें दुखणें मात्र अशा स्वस्त औषधानें बरें होत नाहीं. प्रत्येक यंत्र स्वतःचा म्हणून थोडा खरखराट उत्पन्न करतें. संदेश त्याहून पुष्कळ मोठा असेल तर तो ऐकूं येत नाहीं. संदेश दुबळा असेल तर दोघेहि बरोबरच वाढतात, आणि पहिल्या पायरीवर जें मिसळलें तें पुढें कोणत्याहि बटणानें वेगळें होत नाहीं. म्हणून वाढ करावयाची ती अगदीं आरंभीं. हलत्या वेटोळ्याचें पिकअप घेतलें तर त्याला त्याची वेगळी प्राथमिक पायरी द्यावी. साध्या फोनोंत लावून बटण शेवटास नेण्यांत अर्थ नाहीं. आपल्या घरीं स्थिति काय आहे हें पाहण्यास एक सोपी रीत आहे. गाणें थांबवावें, बटण नेहमींच्या ऐकण्याच्या जागीं ठेवावें, आणि स्पीकरपासून नेहमींच्या अंतरावर बसून कान द्यावा. फुसफूस ऐकूं आली नाहीं तर काळजीचें कारण नाहीं. ऐकूं आली तर तार काढून पाहावी. तरीहि राहिली तर ती ॲम्प्लिफायरची, गेली तर मागच्या यंत्राची. तार काढतांना आणि लावतांना बटण शून्यावर असावें, हें वेगळें सांगण्याची गरज नसावी. पण स्पीकर त्यानेंच जातात.

या मेळाचा खरेदीशींहि संबंध आहे. दुकानांत दोन यंत्रें शेजारीं ठेवून एकामागून एक ऐकवितात. दोहोंत तिळमात्र फरक नसला, पण एकाचा दाब दहा-बारा टक्क्यांनीं अधिक असला, तर कान त्याला मोठें म्हणत नाहीं; तो म्हणतो, हें अधिक भरदार, अधिक उघडें, अधिक जिवंत आहे. टक्क्यांचा हा फरक एका डेसिबेलइतका असतो, आणि तो आवाज म्हणून सहसा ओळखूं येत नाहीं. जाणते विक्रेते हें जाणतात. ज्याला खरी तुलना करावयाची असेल त्यानें ४०० कंपनांचा एक स्थिर सूर दोन्ही यंत्रांतून वाजवावा, साध्या विद्युन्मापकानें स्पीकरच्या टोंकांशीं दाब मोजावा, आणि दोन्ही आंकडे एका टक्क्याच्या आंत जुळवून मगच गाणें लावावें. पुष्कळ महाग यंत्रांचें तेज या परीक्षेंत उतरतें. विक्रेत्याला ती सुचविली असतां त्याच्या मुद्रेवरूनहि बरेंच कळून येतें.

फोनविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर तो आपल्या पूर्ण आवाजाला अर्धा ते एक व्होल्ट देतो, म्हणजे कॅसेटहून थोडा वरचढ. लोक त्याचा आवाज अर्ध्यावर ठेवून ॲम्प्लिफायरचें बटण वाढवितात. हें उलटें आहे. फोनमधील आवाज अंकांच्या रूपांत कमी होतो, आणि १६ अंकस्थानांच्या ध्वनींत दर ६ डेसिबेलांच्या घटीला एक स्थान खर्ची पडतें. २४ डेसिबेल खालीं आणला तर चार गेलीं. नव्या फोनांत अधिक स्थानें असल्यामुळें हानि कमी होते, तरी खरखराटाचा भाग राहतोच. फोन जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि पुढें बटणानें रोखावें.

आतां ज्या कामीं हा हिशेब चुकला असतां दुरुस्तीला जागाच उरत नाहीं, त्याविषयीं. पुण्यांतील कित्येक घरांत खासगी बैठकींच्या, गुरूंच्या शिकवणीच्या, कीर्तनांच्या आणि घरांतील वडील माणसांच्या बोलण्याच्या कॅसेटी आहेत. त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं. त्या संगणकांत उतरवून घेण्याचें काम बहुधा सुटींत घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी करते, आणि कॅसेटच्या यंत्राची तार संगणकाच्या ज्या एकुलत्या एक गोल भोकांत जाते तेथें खोंवते. पुष्कळ संगणकांत तें भोक मायक्रोफोनचें असतें. तें कांहीं मिलिव्होल्टांची वाट पाहत असतें, त्याला अर्धा व्होल्ट मिळतो. शिवाय तें एकाच बाजूचें असतें. अंकांच्या मुद्रणाला एक कमाल मर्यादा असते, आणि फितीप्रमाणें ती हळूहळू चेपत नाहीं; मर्यादेवर गेलेला प्रत्येक माथा सरळ कापला जातो. कापलेला भाग कोणत्याहि युक्तीनें मूळचा परत येत नाहीं. काम झालें म्हणून कॅसेटी टाकून दिल्या जातात, आणि गाणाऱ्याचा तार षड्ज त्या घरांत कायमचा फाटलेला राहतो.

येथें ज्यावर 'लाइन' असें लिहिलें आहे असा बाहेरून जोडण्याचा छोटा ध्वनिजोड घ्यावा. प्रथम कॅसेटीचा सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग शोधावा. ख्यालाच्या मैफलींत तो द्रुतांत, तराण्यांत किंवा शेवटच्या टाळ्यांत सांपडतो, आरंभाच्या आलापांत नव्हे. तो भाग वाजवीत असतांना संगणकांतील मापक कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबेल खालीं राहील असें माप लावावें आणि मग शेवटपर्यंत त्याला हात लावूं नये. २४ अंकस्थानांत मुद्रण केलें तर एवढी जागा मोकळी सोडल्यानें कांहींच बिघडत नाहीं; आवाज लहान वाटला तर तो नंतर वाढवितां येतो. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या उतरवितांना ही मोकळी जागा अधिक ठेवावी, कारण त्यांच्या खांचांतील आंदोलनें लांब पल्ल्याच्या तबकडीहून मोठीं असतात व तेंच पिकअप तेथें अधिक दाब देतें. त्यांना सुईहि वेगळी, सुमारें ७० मायक्रॉनची लागते. लांब पल्ल्याची २५ मायक्रॉनची सुई त्या रुंद खांचेच्या तळाशीं जाऊन धूळच वाचीत बसते. उतरविलेल्या प्रतीबरोबर कॅसेटीवरील नांव, तारीख, कोणतें यंत्र वापरलें आणि माप कोठें लावलें होतें हें लिहून ठेवावें, व मूळ कॅसेट खोक्यांत उभी ठेवून कोरड्या कपाटांत जपावी. पुढेंमागें अधिक चांगलें यंत्र हातीं आलें, तर तीच फीत पुन्हा लावतां येते.